सातवे जुज

सेवापुस्तकात त्यांचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव निळ्या शाईत, एका ओळीत, व्यवस्थित लिहिलेले आहे. ते सलग असे मी पहिल्यांदा त्यांच्या मृत्यूनंतर वाचले. जन्म १९४१, मृत्यू नोव्हेंबर २००१. त्यातली १९६४ ते १९९९ ही पस्तीस वर्षे आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या बांधणी विभागात. या पस्तीस वर्षांत त्यांना त्या नावाने कोणी हाक मारली असेल तर ती फक्त पगारपत्रकाने. एरवी ते दाभणकाका. उंच, काटकुळे, वरच्या टोकाला किंचित वाकलेले आणि बोलले तर टोचेल असे थोडकेच बोलणारे. हे टोपणनाव कोणी ठेवले याची नोंद मला कुठे सापडली नाही.

मी त्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल होतो. त्यांच्याविषयी लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच की, ते जे वाचत त्याचे अभिप्राय माझ्या कपाटात राहिले आणि ते का वाचत याचे कारण माझ्या सहीपर्यंत येऊन पोहोचत होते.

बांधणी विभाग म्हणजे तळमजल्याच्या मागच्या अंगाची एक लांबट खोली. एक लाकडी टेबल, लोखंडी शिकंजा, दोऱ्याची रिळे, पुठ्ठ्यांचा ढीग आणि खळीचे पातेले. त्या खळीचा आंबूस वास जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत येई. फाटलेले पुस्तक तिथे आले की दाभणकाका ते पूर्ण उसवीत. छापखान्यात मोठ्या कागदाला घड्या घालून सोळा पृष्ठांचा एक गठ्ठा होतो. त्याला बांधणीत जुज म्हणतात. सगळी जुजे सुटी करायची, झिजलेल्या कडांना पातळ कागदाची पट्टी लावायची, पुन्हा क्रमाने रचून शिवायची आणि नवा पुठ्ठा चढवायचा. त्यानंतर पुस्तक माझ्याकडे येई. मी पृष्ठे मोजायची आणि नोंदवहीत ‘पृष्ठे तपासली’ या रकान्यात सही करायची. हा नियम मीच केला होता.

पहिली तीस वर्षे दाभणकाकांनी एकही पुस्तक वाचले नाही. मी एकदा विचारले तेव्हा ते म्हणाले, “हलवाई पेढे खातो का, साहेब?”

जून १९९४ मध्ये त्यांची पत्नी गेली. पोटाचे दुखणे, तीन दिवसांचे. मुलगी तेव्हा शिकायला दुसऱ्या गावी होती. ती येईपर्यंत सगळे आटोपले होते. काका अकराव्या दिवशी कामावर आले, ॲप्रन बांधला आणि अर्धवट राहिलेले पुस्तक जिथे सोडले होते त्याच टाक्यापासून पुढे शिवायला घेतले. रडले नाहीत. कोणी सांत्वनाला गेले तर ‘हो’ म्हणत आणि दोरा ओढत.

ऑगस्टपासून ते पुस्तके नेऊ लागले. कर्मचाऱ्यांच्या कार्डावर पंधरवड्याला एक पुस्तक मिळे. पहिले नेले ते मधमाश्यांवरचे. दुसरे नगरपालिकांच्या पाणीपुरवठ्यावर, तिसरे एका कैद्याची आठवणवही, चौथे भाषण कसे करावे यावर. कथा-कादंबरी एकही नाही. देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना वाटले, माणूस दुःख विसरण्यासाठी वाचतो आहे. पण दुःख विसरायला पाणीपुरवठा कोण नेतो, हे त्यांना कळेना.

आमच्याकडे प्रत्येक माहितीपर पुस्तकासोबत चार ओळींची एक अभिप्राय-पत्रिका देण्याची पद्धत होती. तीही माझीच. दहा वर्षांत त्या पत्रिकांचा उपयोग सभासदांनी मुख्यतः खूण म्हणून केला. दाभणकाका एकटे त्या भरून परत देत. अक्षर मोठे, प्रत्येक शब्दात सारखे अंतर, जणू टाके घातले आहेत.

मधमाश्यांच्या पत्रिकेवर लिहिले होते: ‘कामकरी माशी उन्हाळ्यात सहा आठवडे जगते आणि त्यातले तीन आठवडे घरातच काम करते. लेखक याला त्याग म्हणतो. माशीला विचारलेले दिसत नाही. वाचून काही वाटले नाही. पृष्ठे पूर्ण.’

‘पृष्ठे पूर्ण’ हे दोन शब्द प्रत्येक पत्रिकेच्या शेवटी असत. मला ती बांधणाऱ्याची सवय वाटली.

कैद्याच्या आठवणींवर: ‘लेखकाने अकरा वर्षे एकच भिंत पाहिली. मी तीस वर्षे एक भिंत पाहतो आहे. मला संध्याकाळी सोडतात एवढा फरक. सुटल्यावर त्याला घरी झोप येईना, हे प्रकरण नीट लिहिले आहे. पृष्ठे पूर्ण.’

एका मोठ्या युद्धाच्या इतिहासावर: ‘चारशे पृष्ठांत लाखो माणसे मेली. त्यांतले कोण जेवून मेले, कोण उपाशी, ते कुठेही नाही. पृष्ठे पूर्ण.’

देवघेवीच्या बाई त्या पत्रिका वाचून मगच माझ्याकडे पाठवीत. पाठवण्याआधी त्यांचे आणि काकांचे भांडण होई. माझ्या खोलीचे दार त्या टेबलासमोरच उघडत असल्याने ते मला ऐकू येई.

“काका, हे ‘काही वाटले नाही’ कुठे मांडू? माझ्या तक्त्यात दोनच रकाने आहेत. आवडलं आणि नाही आवडलं.”

“तिसरा आखा.”

“कशाने आखू? पट्टी तुम्हीच नेलीय दिवाळखोरासारखी, परत द्यायचं नाव नाही.”

“मग नका आखू. दोन्हींच्या मधल्या रेघेवर मांडा.”

“अहो, आता हे सुखी कसं व्हावं यावरचं पुस्तक. जगानं वाचलंय, डोक्यावर घेतलंय. आणि तुम्ही लिहिता, ‘लेखकाला पाठदुखी नसावी’! हा काय अभिप्राय झाला?”

“मग आहे का त्याला? चौकशी करा, मी खोडतो.”

बाई हसत. काका हसत नसत. पुढचे पुस्तक काखेत मारून मागच्या खोलीत निघून जात.

तारे आणि आकाश यांवरच्या एका जाड पुस्तकावर त्यांनी लिहिले: ‘विझलेल्या ताऱ्याचा उजेड पुष्कळ वर्षे येत राहतो असे दिले आहे. मुलीला सांगितले. ती म्हणाली, दूध उतू गेलं बाबा. गेले होते. पृष्ठे पूर्ण.’ मुलगी तोवर शिक्षण संपवून त्यांच्याजवळ राहायला आली होती आणि एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासण्याची नोकरी करत होती.

आणि बर्फाळ प्रदेशातल्या एका मोहिमेच्या वृत्तान्तावर: ‘पायाची बोटे गोठली तेव्हा दुखले नाही, असे लेखक सांगतो. हे पटले. ऊब मिळाल्यावर दुखू लागले, असेही सांगतो. ते माहीत नाही. पृष्ठे पूर्ण.’

ही पत्रिका १९९५ च्या डिसेंबरातली आहे. ती वाचून मी त्यांना खोलीत बोलावले. मला सहानुभूती दाखवायची होती असे नाही. त्यांनी नेलेल्या पुस्तकांची यादी मी पाहिली होती, आणि त्या यादीला क्रम होता. विषयाचा नाही, लेखकांचा नाही, पण होता. तो कुठला हे मला ओळखता येत नव्हते आणि त्याने मी अस्वस्थ झालो होतो.

ते आले. माझा प्रश्न ऐकल्यावर परत गेले आणि एक पुस्तक घेऊन आले. घरगुती शुश्रूषेवरचे जुने पुस्तक, राखाडी कापडी पाठ, त्यांनीच १९८७ साली बांधलेले. टेबलावर ठेवले, उघडले आणि मला वाचायला सांगितले.

डाव्या पृष्ठाची शेवटची ओळ अशी होती: ‘पोटातील तीव्र वेदना आपोआप व अचानक थांबल्यास’. उजव्या पृष्ठाची पहिली ओळ: ‘रुग्णास दोन दिवस स्वस्थ पडू द्यावे व हलके अन्न द्यावे.’

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

“आकडे बघा, साहेब.”

डावीकडे ९६ होता. उजवीकडे ११३.

“सातवं जुज नाही यात,” ते म्हणाले. “हिचं पोट शुक्रवारपासून दुखत होतं. शनिवारी दुपारी थांबलं. एकदम. हीच म्हणाली, गेलं बघा, कटकट गेली. तरी मी पुस्तक काढलं, शुक्रवारी इथून न नोंदवता नेलेलं. खात्री असावी म्हणून. ओळ सरळ लागते हो. तुम्हालाही लागली ना आत्ता? मी तिला भाताची पेज दिली आणि झोपू दिलं. रविवारी सकाळी अंग थंड. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, काल का नाही आणलंत?”

मी पुन्हा ते दोन आकडे पाहिले.

“पुस्तक परत करताना कडेवरून अंगठा फिरवला. सवयीनं. तेव्हा अडखळला.”

मग त्यांनी १९८७ ची नोंदवही पुढे केली. फेब्रुवारी आणि मार्च या दोन महिन्यांत हे सोडून माहितीपर विभागाची एकशे अठरा पुस्तके बांधली गेली होती. सातवे जुज टेबलावरून हवेत जाणार नव्हते. त्याच आकाराच्या, तसल्याच कागदाच्या शेजारच्या एखाद्या ढिगावर पडून दुसऱ्याच पुस्तकात शिवले गेले असणार. यादीचा क्रम मला आता कळला. तो बांधणीच्या नोंदवहीचा क्रम होता. ते एकशे अठरा पुस्तके ओळीने नेत होते आणि आपले जुज शोधत होते.

शुश्रूषेच्या पुस्तकासमोर ‘पृष्ठे तपासली’ या रकान्यात माझी सही होती. त्या आठवड्यात वार्षिक तपासणी होती आणि मी बावीस पुस्तकांवर न मोजता एका बैठकीत सह्या केल्या होत्या. हे मला तत्काळ आठवले.

त्यांनी माझी नजर पाहिली असावी. म्हणाले, “सही तुमची आहे. पण जुज माझं.”

याला उत्तर द्यायला हवे होते. मी दुसरेच बोललो. “वाचता कशाला सगळं? नुसते आकडे पाहिले तर दोन दिवसांत सापडेल.”

“सापडलं की वाचावं लागेल, साहेब.”

“मग दुसऱ्या ग्रंथालयातून याच पुस्तकाची प्रत मागवू. आठवड्यात येईल.”

“नको. दुसऱ्याचं जुज काय करू मी?” त्यांनी पुस्तक मिटले. “पहिलं वाक्य मला ठाऊक नाही ना, तोवर दोन्ही शक्य आहे. ‘स्वस्थ पडू द्यावे’ असंच असेल कदाचित तिथंही. असतं कधी कधी. लिहिणारे एकच गोष्ट दोनदा लिहितात.”

मी तरीही प्रत मागवली. पोस्टाने आली तेव्हा दार लावून घेतले आणि पृष्ठ ९७ काढले. पहिले वाक्य असे पुरे होत होते: ‘ते बरे होण्याचे लक्षण समजू नये, रुग्णास त्याच घटकेला इस्पितळात हलवावे.’ मी ते दोनदा वाचले आणि चौथ्या दिवशी प्रत परत पाठवली. पाठवणीच्या वहीत कारणाच्या रकान्यात ‘संदर्भ’ असे लिहिले.

काकांचे वाचन चालू राहिले. १९९६, ९७, ९८. कीड कशी ओळखावी, हस्ताक्षरावरून स्वभाव कसा सांगावा, मिठाचा व्यापार, कोसळलेल्या पुलांची चौकशी. ‘पूल बांधला त्याला तीन पृष्ठे, पडला त्याला साठ. पडल्याशिवाय कोणी लक्ष देत नाही, हे पुलापुरते खरे आहे. पृष्ठे पूर्ण.’ स्मरणशक्ती वाढवण्याच्या पुस्तकावर एवढेच: ‘कशाला?’ आणि पुढे नेहमीचे दोन शब्द. एका पत्रिकेवर देवघेवीच्या बाईंनी पेन्सिलीने लिहिले होते, ‘काका, एकदा तरी आवडलं म्हणा,’ आणि खाली त्यांनी शाईने उत्तर दिले होते, ‘पुठ्ठा चांगला बसला आहे.’

मी त्यांच्या नेल्या-आणल्याची नोंद स्वतःकडे ठेवू लागलो होतो. तिच्यात एक चूक दिसे. यादीतला तेविसावा क्रमांक राहिला होता. बावीस नंतर चोवीस. ते पुस्तक वजनमापांच्या इतिहासावरचे होते, कपाटात होते, १९८७ नंतर कोणी नेलेले नव्हते. मी एकदा जिन्यात म्हणालो, “तेवीस राहिलंय तुमचं.”

“राहू दे, शेवटी घेतो.”

फेब्रुवारी १९९९ मध्ये, निवृत्तीला दोन महिने असताना, काका ते पुस्तक घेऊन माझ्या खोलीत आले. बाकीची एकशे सतरा झाली होती. त्यांनी ते पुस्तक माझ्या हातात दिले. “काही लागतं का हाताला?”

मला काहीच लागले नाही.

“जाड आहे. एका जुजानं. तेव्हाच कळलं होतं मला, चौऱ्याण्णवातच. कपाटातून काढलं आणि परत ठेवलं.”

“मग ही साडेचार वर्षं…”

“बाकीची पुस्तकं होती ना वाचायला.” ते उभेच होते. “साहेब, तुम्ही वाचलंय ते पान.”

“कशावरून?”

“त्या डिसेंबरात तीन दिवस तुम्ही मागच्या खोलीत आला नाहीत. रोज साडेअकराला येणारा माणूस. पाऊस असो, ताप असो. तीन दिवस नाही, आणि चौथ्या दिवशी आलात ते मला म्हणालात, खळ छान झालीय. पस्तीस वर्षांत खळीला कोणी छान म्हटलं नाही.”

मी मान खाली घातली. तेच उत्तर झाले.

“बरं,” ते म्हणाले. आवाजात काही बदल नव्हता. “चांगलं असतं तर तुम्ही पहिल्याच दिवशी धावत आला असता.”

ते बाहेर गेले आणि पुस्तक रीतसर स्वतःच्या नावावर घेतले. पंधरा दिवसांनी मुदत वाढवायला आणले तेव्हा त्याला बांधणीचा दोरा गुंडाळलेला होता. तारखेची पट्टी मोकळी ठेवून बाकीच्या सगळ्या पृष्ठांभोवती चार वेढे, आणि गाठीवर खळीचा थेंब, वाळून कडक झालेला. बाईंनी शिक्का मारला. निवृत्तीनंतरही ते सभासद राहिले आणि दर पंधरवड्याला, सकाळी दहा वाजता, तेच पुस्तक आणून मुदत वाढवून नेत. बाई विचारत, “काका, वजनं मोजून झाली नाहीत का अजून?” ते म्हणत, “जड आहेत.” मुदतवाढ तीनदाच द्यावी असा नियम होता. चौथ्या वेळी बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. माझ्या कारकिर्दीत मी मोडलेला हा एकच नियम. न मोजता केलेल्या सह्या धरल्या तर दुसरा.

एकही दिवस उशीर झाला नाही. शेवटच्या उन्हाळ्यात त्यांना चालवेनासे झाले, तेव्हा मुलगी येऊ लागली. गाठीवरचा थेंब तसाच असे.

नोव्हेंबर २००१ मध्ये ती पुस्तक परत करायला आली. काका जाऊन बारा दिवस झाले होते. तिला मी खोलीत बसवले. तिने पुस्तक टेबलावर ठेवले.

“उशीर झालाय, साहेब. नऊ दिवस.”

“सभासद हयात नसेल तर उशीर धरत नाहीत.”

“बाबांनी सांगितलं होतं, उघडायचं नाही, फक्त तारीख चुकवायची नाही. मी विचारलं नाही. आमच्यात विचारायची पद्धतच राहिली नव्हती.” तिने दोऱ्याच्या गाठीवर बोट ठेवले. “आई गेली तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, तुम्ही माणसाकडे बघायचं सोडून पुस्तकात बघत बसलात. त्यानंतर तर ते रोजच वाचायला लागले. मला वाटलं, मुद्दाम.”

मी तिला सगळे सांगितले. नोंदवही दाखवली, माझी सहीही. तिने ऐकून घेतले, पर्समधून लहान कात्री काढली आणि दोरा कापला. जुज पुस्तकाच्या मध्याला निघाले, वजनमापांच्या दोन प्रकरणांच्या बरोबर मध्ये शिवलेले. टाके उत्तम होते. तिने उठून ९७ वे पृष्ठ उभ्यानेच वाचले.

“बाबांना हे माहीत होतं?”

“मी सांगितलं नव्हतं.”

“मी ते नाही विचारलं.”

“होतं,” मी म्हणालो.

तिने मान हलवली, प्रयोगशाळेत अहवाल वाचून झाल्यावर हलवत असेल तशी. मी एकशे सतरा पत्रिकांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. तिने वरच्या सात-आठ वाचल्या. दुधाची आली तिथे थांबली.

“उतू गेलं होतं खरंच,” ती म्हणाली. “मी ओरडले त्यांच्यावर. आकाशात काय बघताय, गॅसकडे बघा म्हणून.” आणि गठ्ठा परत माझ्याकडे सरकवला. “तुमच्याकडेच असू द्या. इथे क्रमाने राहतील.”

त्यानंतर जे उरकले ते असे. नव्या बांधणीकाराकडून दोन्ही पुस्तके उसवून घेतली आणि सातवे जुज शुश्रूषेच्या पुस्तकात सहाव्या आणि आठव्याच्या मध्ये बसवले. या वेळी मी पहिल्यापासून शेवटच्या पृष्ठापर्यंत मोठ्याने मोजले, दोनशे चाळीस, आणि मगच सही केली. १९८७ ची सही खोडली नाही. नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. तिच्या खाली लाल शाईत दुरुस्तीची तारीख लिहिली. एकशे सतरा पत्रिका निळ्या फायलीत क्रमाने लावल्या आहेत. एकशे अठरावी कोरी आहे. जो पुस्तक वाचतो त्यानेच अभिप्राय लिहायचा असा नियम असल्याने ती मला भरता आली नाही.

आणि ‘सही तुमची आहे, पण जुज माझं’ असे ते म्हणाले होते, त्याला द्यायचे उत्तर राहिले. पुढे पाच वर्षांहून जास्त काळ ते दर पंधरवड्याला समोर येत होते. मी मुदत वाढवून देत राहिलो.